इमारत आपली, हिशेब कुणाकडे?

दोह्याच्या टॉवरमध्ये दर दोन तासांनी चिलरचं प्रेशर नोंदवणारा, पुण्याच्या आयटी पार्कात जनरेटरची लॉगशीट भरणारा, मुंबईच्या मॉलमध्ये रात्रपाळीला फायर पंप चालवून पाहणारा मुलगा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. रत्नागिरी-रायगडच्या गावांत जा, मुंब्रा-भिवंडीत जा, मालेगाव-सोलापुरात जा. चार घरं फिरलात की एक एसी मेकॅनिक, एक इलेक्ट्रिशियन, एक प्लंबर आणि एक सुट्टीवर आलेला आखातातला टेक्निशियन भेटतोच. मीही त्यांच्यातलाच. आयटीआय करून या धंद्यात शिरलो आणि सोळा वर्षं इमारती सांभाळण्याचंच काम करतो आहे.

या मुलाला घरी आल्यावर एक प्रश्न विचारा. तुझ्या मस्जिदीच्या वायरिंगची तपासणी शेवटची कधी झाली? तुझा धाकटा भाऊ ज्या मदरशात राहतो, तिथं रात्री आग लागली तर मुलं कोणत्या जिन्यानं उतरतील? तुझी आई ज्या इमारतीत राहते, तिचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का? तो गप्प बसतो. फार खोदलंत तर म्हणतो, "ते ट्रस्टी बघतात," नाही तर "बिल्डरला माहीत."

माझं म्हणणं असं, की इमारतीच्या देखभालीचे शब्द हे हिशेब मागण्याचे शब्द आहेत. ते आपल्याला येतात. परक्याच्या इमारतीत पगारासाठी आपण ते रोज वापरतो. आणि जिथं आपली माणसं झोपतात, जिथं आपण सजदा करतो, तिथं मात्र ते उंबऱ्याबाहेर चपलांसोबत काढून ठेवतो. या गप्प बसण्याला काही लोक अदब म्हणतात. मी त्याला कामचुकारपणा म्हणतो.

शब्द परका नाही

आधी एक गैरसमज दूर करू. "हे सगळं इंग्रजांचं, कंपन्यांचं, आपल्या गरीब जमातीला कशाला?" असं म्हणणारे बुजुर्ग प्रत्येक कमिटीत असतात. त्यांना सांगा, 'इमारत' हा शब्दच अरबीतून मराठीत आला. तामीर, मेमार, उम्र हे सगळे त्याच धातूचे. अरबीत त्याचा अर्थ बांधणं एवढाच नाही. बांधलेलं नांदतं ठेवणं, पडझड झाली तर दुरुस्त करणं, हेही त्यात येतं. सूरह तौबाच्या १८व्या आयतीत मस्जिदी आबाद ठेवण्यासाठी जे क्रियापद आलं आहे, तेही याच धातूपासून झालेलं.

पुढे फिक्ह पाहा. बाराव्या शतकात मरगीनानी यांनी लिहिलेल्या 'अल-हिदाया' या हनफी ग्रंथात वक्फच्या उत्पन्नाचा क्रम दिला आहे. उत्पन्नातला पहिला खर्च वक्फ मालमत्तेच्या दुरुस्तीवर करायचा, मग बाकीचा. वक्फ करणाऱ्यानं तशी अट घातलेली असो वा नसो. म्हणजे आज सोसायटीचे नियम ज्याला 'रिपेअर अँड मेंटेनन्स फंड' म्हणतात, त्याची कल्पना आपल्या मदरशांतल्या अभ्यासक्रमात शेकडो वर्षं शिकवली जाते आहे. आणि मुतवल्ली कोण? आजच्या भाषेत फॅसिलिटी मॅनेजर. तो मानाचा फेटा नाही, ती नोकरी आहे. वक्फ कायदा १९९५ प्रमाणे त्यानं दर वर्षी वक्फ मंडळाला हिशेब द्यायचा असतो. आपल्या मोहल्ल्यात तो हिशेब जुम्म्याला वाचून दाखवलेला किती जणांनी ऐकला आहे?

प्रिव्हेंटिव्ह आणि ब्रेकडाउन

आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात दोन शब्द शिकवतात. बिघडण्याआधी ठरलेल्या तारखेला तपासणं म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. बिघडल्यावर धावणं म्हणजे ब्रेकडाउन मेंटेनन्स. आपल्या बहुतेक सार्वजनिक इमारती दुसऱ्या पद्धतीवर चालतात, आणि त्याला आपण तवक्कुल म्हणतो.

चंदा कशासाठी निघतो ते आठवा. संगमरवर, झुंबर, मिनाराची उंची, नवा एसी. पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. पण "मरहूम वालिदांच्या इसाले सवाबासाठी एक एमसीबी" असं लिहिलेला डीबी बॉक्स मी अजून पाहिलेला नाही. वायर भिंतीत असते, तिच्यावर नाव दिसत नाही.

आता वायरचं गणित ऐका. समजा मस्जिदीचं वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइटसाठी केलं होतं. नंतर रमजानात तरावीहच्या गर्दीसाठी चार एसी बसले, वुझूखान्यात गिझर आला. वायर तीच. तिच्यातून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. मंजूर भार वाढवून घेतलेला नसतो, कारण त्यासाठी अर्ज आणि पैसे लागतात. एमसीबी वारंवार पडू लागला की कुणी तरी 'हुशार' माणूस त्याच्या जागी जास्त अँपिअरचा बसवतो. वायर तापते, प्लास्टिक वितळतं, आणि आग लागल्यावर पेपरात दोनच शब्द छापून येतात: शॉर्ट सर्किट. ते कारण नसतं. कारण असतं तो न केलेला अर्ज.

वुझूखान्याचं आणखी एक. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला तो क्षणात वीज तोडतो. त्याच्यासोबत अर्थिंगही नीट हवं. ज्या मस्जिदीला झुंबर परवडतं, तिला आरसीसीबी परवडत नाही, हे मला कुणी पटवून द्यावं.

फॉर्म बी

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायदा २००६ साली झाला. तो ज्या इमारतींना लागू आहे, तिथं आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्यानं मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. यंत्रणा ठीक आहे असं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याचं नाव फॉर्म बी. मॉलमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांना तो पाठ असतो. जुलै जवळ आला की त्यांची झोप उडते.

तीच मुलं गावच्या मदरशाच्या वसतिगृहात पाहुणी जातात. दाटीनं झोपलेली पोरं, खिडक्यांना पक्क्या लोखंडी जाळ्या, एकच जिना, तळमजल्यावर गॅसच्या टाक्या, आणि पोरं पळून जाऊ नयेत म्हणून रात्री बाहेरून कडी. हे सगळं ती पाहतात, जेवतात, दुआ घेतात आणि निघून येतात. नाजिमसाहेबांना कोण बोलणार?

नाजिमसाहेबांना बुखारीतलीच गोष्ट सांगा. मदीनेत एका रात्री एक घर आतल्या माणसांसकट जळालं. हे कळल्यावर पैगंबरांनी आग तुमची दुश्मन आहे, झोपण्याआधी ती विझवत जा, अशी ताकीद दिली. दुर्घटना झाली, कारण शोधलं, आणि सगळ्यांसाठी नियम केला. आम्ही ज्याला सेफ्टी सर्क्युलर म्हणतो, ते याहून वेगळं काय असतं? बाहेरून लावलेली कडी हा त्या ताकिदीचा अपमान आहे.

सी-वन

आता मोठा हिशेब. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. परवानगीशिवाय अवघ्या काही आठवड्यांत मजल्यावर मजले चढवले होते. वरचं बांधकाम चालू असतानाच खाली माणसं राहत होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली शंभर वर्षांहून जुनी हुसैनी इमारत पडली. ३३ मेले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन पडली. १६ मेले, आणि ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. त्यानंतर महिनाभरात, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीत जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर पडली. किमान ३८ जण गेले.

प्रत्येक वेळी आपण जनाजे उचलले, मदतीला धावलो, आणि म्हणालो, अल्लाहची मर्जी. मर्जी असेलही. पण इमारत पडण्याआधी बोलते. कॉलमला उभी भेग जाते, सळईला गंज चढून काँक्रीट सुटतं, दारं चौकटीत अडकायला लागतात. हे बोलणं ऐकण्यासाठीच स्ट्रक्चरल ऑडिट असतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. मुंबईत धोक्याप्रमाणे वर्ग पाडतात. सी-वन म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-टू-बी म्हणजे माणसं राहत असताना करता येईल अशी दुरुस्ती. सी-थ्री म्हणजे किरकोळ. तुमची इमारत कोणत्या वर्गात आहे? नोटीस आली असेल, तर ती कुणाच्या कपाटात आहे?

इथं मला कळतं, पुढचा प्रश्न काय येणार. "भाई, आम्हाला दुसरीकडे घर देतो कोण? नाव ऐकताच फ्लॅट 'विकला गेला' होतो. म्हणून तर अशा इमारतींत राहावं लागतं." खरं आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबं जीव मुठीत घेऊन मुंबईतून मुंब्र्याला गेली. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढलंच पाहिजे. पण त्या अन्यायावर दुकान कुणी थाटलं तेही पाहा. ओसी नसलेला फ्लॅट "आपलाच माणूस आहे, कागद नंतर होतील" म्हणत विकणारा बिल्डर अनेकदा आपल्याच जमातीचा, इफ्तार पार्टी देणारा, मस्जिदीच्या कमानीवर नाव असलेला असतो. बाहेरचा दार बंद करतो म्हणून आतल्यानं मोडकं छप्पर विकावं, आणि आपण भाईचाऱ्यापोटी गप्प बसावं, हा कुठला न्याय?

दुसरा सवाल याहून टोकदार असतो. "कागदांची चर्चा चव्हाट्यावर आणलीत तर उद्या बुलडोझर येईल." मी उलटं म्हणतो. बुलडोझरपुढे घोषणा टिकत नाही, कागद टिकतो. सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की आगाऊ नोटीस आणि निदान १५ दिवसांची मुदत दिल्याशिवाय, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय बांधकाम पाडता येणार नाही. रस्ता, फूटपाथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. हा निकाल वापरायचा तर नोटिशीला उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यायला मंजूर नकाशा, ओसी, कन्व्हेयन्स हे शब्द कळावे लागतात. कन्व्हेयन्स म्हणजे जमीन आणि इमारत बिल्डरच्या नावावरून सोसायटीच्या नावावर होणं. बिल्डर करून देत नसेल तर 'मानीव अभिहस्तांतरण', म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, कायद्यानं मागता येतं. ज्याच्या नावावर पायाखालची जमीनच नाही, तो इमारत पडल्यावर कशावर हक्क सांगणार?

सिंकिंग फंड आणि अडीचशे रुपये

"पैसा नाही" हे तिसरं उत्तर. आदर्श उपविधी सांगतात, प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का रक्कम दर वर्षी सिंकिंग फंडात टाका आणि निदान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत. जमिनीची किंमत यात धरायची नाही. बांधकाम खर्च दहा लाख धरला तर सिंकिंग फंडाचे वर्षाला अडीच हजार, म्हणजे महिन्याला अडीचशेच्या आत. दुरुस्तीचे महिन्याला सव्वासहाशेच्या आसपास. हे ओझं आहे, मला मान्य आहे. यंत्रमागावरच्या कामगाराला ते जाणवतं. पण त्याच इमारतीत लग्नात मांडव किती मोठा होता, हेही आपण सगळे जाणतो. आणि खरोखर ज्याला झेपत नाही, त्याच्यासाठी जमातीचा निधी उभा राहू शकतो. कफनासाठी राहतो, तर कॉलमसाठी का नाही?

शिवाय सगळंच पैशानं होत नाही. लॉगबुक म्हणजे एक वही. तीत पंप कधी तपासला, टाकी कधी धुतली, अर्थिंगचं रीडिंग किती आलं, सिलिंडर कधी भरून आणला, एवढं लिहायचं. पन्नास रुपयांच्या वहीला जे घाबरतात, ते खर्चाला घाबरत नसतात. खाली सही कुणाची, या प्रश्नाला घाबरतात.

टाकीत उतरणारा कोण?

एक शब्द असा आहे, जो आपल्या सभांत कधीच येत नाही. कन्फाइन्ड स्पेस, बंदिस्त जागा. सेप्टिक टँक, ड्रेनेजचं चेंबर, पाण्याची भूमिगत टाकी. कंपनीत अशा ठिकाणी उतरण्याआधी वर्क परमिट लागतं, गॅस मीटर लावतात, बाहेर एक माणूस दोर धरून उभा असतो. मैल्याच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. माणसाला वाटतं वास गेला, धोका गेला. तिथंच तो कोसळतो.

मस्जिदीची, मदरशाची, आपल्या सोसायटीची सेप्टिक टँक भरली की आपण कुणाला बोलावतो? नाक्यावरून एका गरीब, बहुतेक वेळा दलित माणसाला, हजार-पाचशे देऊन. मास्क नाही, दोर नाही. २०१३च्या कायद्यानं असं धोकादायक काम करून घेणं गुन्हा ठरवलं आहे. ज्या समाजाला मसावातचा, समतेचा, इतका अभिमान आहे, त्यानं आपली घाण उपसायला दुसऱ्याच्या मुलाला बिनदोराचा उतरवावा? ज्या टाकीत आपण आपल्या मुलाला उतरवणार नाही, तिथं कुणालाच उतरवायचं नाही. सक्शन मशीन मागवायचं. ते महाग पडलं तर झुंबर विकायचं.

कमिटीत कोण नाही?

आणि ज्यांना इमारतीची सगळ्यात जास्त माहिती आहे, त्या कमिटीत नाहीत. मोरीची गळती कोणत्या भिंतीत मुरते, गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं, जिन्यातलं प्लास्टर कधी पडलं, हे घरात दिवस काढणाऱ्या बाईला माहीत असतं. कमिटीतला पुरुष इशानंतर घरी येतो आणि झोपतो. सहकार कायद्यानं सोसायटीच्या समितीत महिलांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. आपल्याकडे त्या कागदावर भरतात आणि सही नवरा करतो. आपली बहीण सिव्हिल डिप्लोमा करून घरी बसली आहे, आणि इमारतीच्या दुरुस्तीचं एस्टिमेट तपासतो कापडाचा व्यापारी. याला परंपरा म्हणू नका.

शब्द उशिरा शिकलेले

१४ जून २०१७ची रात्र आठवा. लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला. ७२ माणसं गेली. त्यांत आपल्या धर्माची अनेक होती. रमजानची रात्र होती. सहरीसाठी जागे असलेल्यांनी शेजाऱ्यांची दारं ठोठावली. त्या टॉवरमधल्या रहिवाशांनी आधीची काही वर्षं आगीच्या धोक्याबद्दल लिहून ठेवलं होतं. मोठी दुर्घटना झाल्याशिवाय व्यवस्थापन जागं होणार नाही, असा इशारा २०१६च्या नोव्हेंबरात दिला होता. कुणी ऐकलं नाही. पुढे चौकशी झाली आणि २०२४च्या सप्टेंबरात अंतिम अहवाल आला. हे सगळे मृत्यू टाळता आले असते, असं चौकशी समितीचे अध्यक्ष म्हणाले. ती चौकशी पुढे नेताना मेलेल्यांच्या नातेवाइकांना क्लॅडिंग म्हणजे काय, आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून काय करायचं असतं, हे शब्द शिकावे लागले. कबरीवर माती टाकल्यानंतर.

त्यांचं लिहिणं मी वाया गेलं असं मानत नाही. त्यांनी लिहून ठेवलं होतं म्हणूनच "आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं" असं म्हणायची सोय कुणाला उरली नाही. आपल्याकडे कोसळलेल्या किती इमारतींत रहिवाशांचा असा एखादा कागद सापडेल?

म्हणून माझी मागणी भाषणाची नाही, कामाची आहे. येत्या जुम्म्याला नमाज झाल्यावर कमिटीला अदबीनं पाच गोष्टी विचारा, आणि तोंडी नको, लेखी विचारा. विजेचा मंजूर भार किती आणि वापर किती? आरसीसीबी आणि अर्थिंग शेवटचं कधी तपासलं? बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि तिला कुलूप कुणी लावलं? स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल कुठं आहे? दुरुस्तीसाठी वेगळा निधी आहे का, त्यात किती शिल्लक आहे? पोच घ्या. एक प्रत उर्दूत लावा, एक मराठीत. हेच पाच प्रश्न रविवारी आपल्या सोसायटीत विचारा.

आणि ज्यांना हे काम येतं, त्यांनी महिन्यातला एक दिवस द्यावा. टेस्टर, मेगर, वही घेऊन आपल्याच इमारतीत फिरावं. सुट्टीवर आलेल्या आखातवाल्यांनीही. तिथल्या साहेबाला तुम्ही दर गुरुवारी रिपोर्ट देता. इथं तुमची आई झोपलेली असते.